गव्हाणीपाशी गायिलेली मिस्सा

आमच्या भाईंदर परिसराला एक भाग्य लाभले आहे आणि त्याकडे आमचेच फारसे लक्ष जात नाही. भाईंदर पश्चिमेला नाझरेथ माऊलीचे चर्च आहे. तेथून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडून उत्तनच्या वाटेला लागले की डोंगरीला बेथलेहेम माऊलीचे चर्च आहे. नाझरेथहून बेथलेहेमला पोहोचायला मरिया आणि योसेफ यांना कित्येक दिवस लागले असतील. आम्हांला बसने पाऊण तासही लागत नाही. या दोन नावांच्या मध्ये वाढलेल्या माणसाने नाताळच्या संगीताविषयी चार शब्द लिहिले तर वाचक त्याला आगाऊ म्हणणार नाहीत, अशी आशा आहे.

निमित्त असे घडले. आगमनकाळातील एका रविवारी संध्याकाळी डोंगरीतील एका घराच्या पडवीत आम्ही गायकवृंदातील सात-आठ जण जमलो होतो. तरुणांपैकी एकाने विचारले, ‘संपूर्ण मिस्सा लोकगीतांच्या चालीवर कुणी बांधली आहे का?’ बांधली आहे. आणि तीही तीनशे वर्षांपूर्वी, पॅरिससारख्या दिमाखदार शहरात. तिची तीन ध्वनिमुद्रणे आमच्याजवळ होती. ती लागोपाठ तीन रविवारी ऐकली. ऐकताना जे बोललो, भांडलो आणि नंतर पुस्तके चाळून जे ताडून पाहिले, ते येथे मांडत आहोत.

मार्क-आंतुआन शार्पांतिए (१६४३–१७०४) हा त्या मिस्सेचा रचनाकार. नाताळच्या मध्यरात्रीसाठी त्याने ती सुमारे १६९४ साली लिहिली. पॅरिसमधील सेंत-लुई या येशूसंघीयांच्या चर्चमध्ये तो त्या काळी संगीतप्रमुख होता, म्हणून तेथेच ती प्रथम गायिली गेली असे मानतात. शब्द आहेत नेहमीचे लॅटिन: किरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आन्युस देई. चाली मात्र बहुतेक फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत नाताळच्या दिवसांत गायिल्या जाणाऱ्या गीतांच्या. त्या गीतांना तिकडे ‘नोएल’ म्हणतात. दहाच्या आसपास नोएल त्याने या मिस्सेत ओवले आहेत. पहिल्या किरियेची चाल योसेफाच्या लग्नाच्या गाण्याची आहे. ग्लोरियात एके ठिकाणी आनंदाने निघालेल्या मेंढपाळांना ‘कुठे चाललात?’ असे विचारणाऱ्या गाण्याची चाल येते. अर्पणाच्या वेळी नुसती वाद्ये वाजतात, आणि ती चाल गुरांना चरू देण्याविषयीच्या गाण्याची आहे. आपल्याकडे उंबराच्या पाण्याला जाताना बायका जी गाणी गातात, त्यांच्या चालीवर उद्या धर्मगुरूंनी वेदीवरून ‘दया कर’ म्हणायला सुरुवात केली तर लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटेल, याची कल्पना करावी. पॅरिसच्या त्या मध्यरात्री लोकांना काहीसे तसेच वाटले असणार. मिस्सा लॅटिन होती, पण चाल ऐकताच प्रत्येकाला आपल्या गावच्या गाण्याचे शब्द मनात आठवत असणार.

शार्पांतिएचे काम येथेच संपले असते तर ती एक गमतीची क्लृप्ती ठरली असती. परंतु कुठे लोकगीत थांबवावे हेही त्याला कळत होते. ग्लोरियातील पृथ्वीवरील शांतीचे शब्द त्याने कोणत्याही नोएलला दिले नाहीत. तेथे संगीत मंद होते, स्वर दबतात. झोपलेल्या मुलाच्या खोलीत पाऊल टाकावे तसे. मग स्तुतीचे शब्द येतात आणि गावकऱ्यांचा जथा वाजतगाजत आत शिरावा तशी चाल उसळते. देव माणूस झाला या क्रेदोतील शब्दांसाठीही त्याने स्वतःचे संगीत रचले आहे. त्यानंतर येतात क्रूसावर खिळल्याचे शब्द. येथे कोणीही शोकाचे स्वर योजले असते. शार्पांतिएने तेथे नाताळचा दिवस उगवल्याचे सांगणाऱ्या नोएलची चाल घातली आहे! पहिल्यांदा ऐकताना आमच्यातील एका बाईंना ते खटकले. दुसऱ्यांदा ऐकून त्या गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘गव्हाणीचे लाकूड आणि क्रूसाचे लाकूड एकच, असे फादर प्रवचनात सांगायचे.’ संगीताच्या पुस्तकांत याहून अधिक काही सापडेल असे वाटत नाही.

आता हे सारे आपल्याला परके का वाटू नये, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. शार्पांतिएच्या काळातील कलेला ‘बरोक’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे बहुतेक अभ्यासक सांगतात. वेडावाकडा मोती असा त्याचा अर्थ. ज्या भाषेने आपल्याला ‘नाताळ’, ‘पाद्री’, ‘क्रूस’ आणि ‘पाव’ हे शब्द दिले, त्याच भाषेचा हा शब्द. पण नाते केवळ शब्दाचे नाही. तरुण वयात, १६६० नंतरच्या दशकात, शार्पांतिए रोमला गेला आणि तेथे जाकोमो कारिस्सिमी (१६०५–१६७४) या थोर संगीतकाराकडे शिकला. कारिस्सिमी हा येशूसंघीयांच्या जर्मन महाविद्यालयाचा संगीतप्रमुख. बायबलमधील प्रसंग गायनातून उभे करण्याच्या ‘ओरातोरियो’ या प्रकाराला त्याने जे रूप दिले, ते शार्पांतिएने आपल्याबरोबर फ्रान्सला नेले.

कारिस्सिमीचे संगीत आणखी एका गावी पोहोचले होते. १६६३ साली जुझेप्पे सेबास्तियानी हे कार्मेलाइट बिशप मलबारच्या कामगिरीवरून परतताना गोव्यात होते. येशूसंघीयांच्या मठात, म्हणजे आजच्या बॉम जेजू बॅसिलिकेच्या वास्तूत, संत इग्नाशियसच्या सणाला त्यांनी सात गायकवृंदांचे गायन ऐकले. आपण रोममध्येच आहोत की काय असे त्यांना वाटले. तसे बोलून दाखवताच उत्तर मिळाले की तुमची चूक होत नाही, हे संगीत कारिस्सिमीचेच आहे. गाणारे होते गोव्याचे स्थानिक लोक. त्यांचे कौशल्य आणि सहजता पाहून बिशपमहाशय चकित झाले आणि पुढे आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी ते नमूद केले. म्हणजे शार्पांतिए आपल्या गुरूच्या दाराशी पोहोचण्यापूर्वीच त्या गुरूचे संगीत कोकणी कंठांतून उमटत होते. पॅरिसचे सेंत-लुई हे येशूसंघाच्या ‘व्रतस्थांच्या निवासा’चे चर्च, बॉम जेजूही तसेच. एकाच संघाच्या दोन घरांत, जगाच्या दोन टोकांना, एकाच गुरूचा वारसा!

गोव्याविषयी इतके सांगता येते. मग आमच्या साष्टी-वसईचे काय? २३ डिसेंबर १५३४ रोजी, नाताळच्या अगदी दोन दिवस आधी, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. पुढची दोनशे वर्षे वसईच्या कोटात येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन यांचे मठ आणि चर्चे उभी होती. येथून जवळच, आजच्या बोरिवलीत, मंडपेश्वरच्या लेण्यावर फ्रान्सिस्कनांचे चर्च आणि विद्यालय होते. हेच संघ गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर गायन शिकवीत. येथे त्यांनी त्या मुलांना मुके ठेवले असेल असे संभवत नाही. तरीही वसईच्या त्या गायकवृंदांनी गायिलेल्या स्वरलिपीचा एखादा कागद आमच्या पाहण्यात आलेला नाही. भिंती उरल्या, कमानी उरल्या, थडग्यांवरचे लेख उरले. आवाज गेला.

शब्द मात्र उरले, आणि ते मराठी आहेत. इंग्लंडहून १५७९ साली गोव्याला आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यांनी त्यासाठी ओवी निवडली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या पूर्वजांच्या पुराणांच्या चालीवरच तारणाची कथा गाता यावी, हा त्यामागचा हेतू. पॅरिसमध्ये शार्पांतिएने जे केले, त्याच्याशी भावकी सांगणारे काम स्टीफन्स यांनी त्याच्या सुमारे ८० वर्षे आधी केले होते. पुढे फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश यांचे दुःखसहनाचे पुराण १६५९ मध्ये आले. ते तर उत्तर कोकणच्या, आपल्याच किनाऱ्याच्या बोलीला जवळचे. फरक एवढाच की आपल्याकडे पुराण मिस्सेच्या बाहेर राहिले. ते सणावारी गायिले जाई, पण वेदीवर लॅटिन आणि अंगणात मराठी अशी वाटणी होऊन बसली. शार्पांतिएने ही भिंत ओलांडली. शब्दांना हात न लावता केवळ चालीच्या दाराने ओलांडली.

मग १७३७ उजाडले. चिमाजी आप्पांच्या फौजांनी ठाणे घेतले. आमच्या धारावी बेटावर, म्हणजे डोंगरी-उत्तनच्या टेकडीवर, किल्ल्यासाठी दोन वर्षे झुंज चालली. (मुंबईतील धारावी वेगळी, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.) १७३९ च्या मार्चमध्ये धारावी पडली आणि मे महिन्यात वसई. तहाने मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक मिळाली, परंतु युरोपीय व्रतस्थ गेले, मठ ओस पडले. कळप सांभाळायला गोव्याचे धर्मगुरू आले. त्यांनी जे टिकवले त्याचे ऋण मोठे आहे, तरी विद्यालये आणि त्यांचे गायकवृंद पुन्हा उभे राहिले नाहीत. तिकडे लायप्झिगमध्ये बाखचा नाताळचा ओरातोरियो १७३४ च्या नाताळात प्रथम गायिला गेला, म्हणजे वसईच्या तहाला बरोबर दोनशे वर्षे होत असताना. युरोपात बरोक संगीत शिगेला पोहोचत होते तेव्हा आपल्या बेटावर ते मावळायला आले होते.

एक गोष्ट मात्र वाजत राहिली. विजयी मराठा सरदारांनी वसई प्रांतातील चर्चांच्या घंटा नेऊन आपल्या देवळांत बांधल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची घंटा आहे. मराठीत ‘नारोशंकराची घंटा’ हा वाक्प्रचारच झाला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर १७०७ ची घंटा आहे, आणि तिच्यावर बाळाला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. काही वर्षांपूर्वी सहलीत आम्ही मेणवलीला गेलो होतो. आमच्यातील एका मुलाने घंटेचा टोल दिला आणि सगळे क्षणभर स्तब्ध झाले. वसईच्या बरोक काळाचे एखादे अस्सल ‘ध्वनिमुद्रण’ उरले असेल तर ते हेच. त्यात एकच स्वर आहे.

शार्पांतिएचेही नशीब फार वेगळे नव्हते. तो वारल्यावर त्याची हस्तलिखिते भाच्याने सांभाळली आणि १७२७ मध्ये ती राजाच्या ग्रंथालयाने विकत घेतली. २८ खंड! मग दोनशे वर्षे ती तेथे जवळजवळ निजून राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये त्याच्या ‘ते देउम’चे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच्या आरंभीचे तुताऱ्यांचे संगीत १९५४ पासून युरोपीय दूरचित्रवाणीच्या सामाईक कार्यक्रमांची ओळखधून बनले. कोट्यवधी लोक ती धून ओळखतात, करणाऱ्याचे नाव ओळखत नाहीत. असो. हस्तलिखित टिकले म्हणून मिस्सा परत आली, एवढे लक्षात ठेवावे.

आता त्या तीन ध्वनिमुद्रणांकडे वळू.

पहिले १९६७ चे, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे, डेव्हिड विल्कॉक्स यांच्या दिग्दर्शनाखालचे. नाताळच्या पूर्वसंध्येला याच चॅपेलमधील उपासना बीबीसीवरून अनेक दशके प्रक्षेपित होत आली आहे. रेडिओचा कान असलेल्या आमच्या पिढीला तो आवाज चटकन ओळखू येतो. लहान मुलांचे निर्मळ उंच स्वर, आणि उंच दगडी छताखाली प्रत्येक स्वराचा रेंगाळणारा पडसाद. ऐकताना हात आपोआप जोडले जातात. परंतु तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक अडचण जाणवू लागते. वाद्ये आजच्या घडणीची आहेत, स्वर गुळगुळीत आहेत, आणि योसेफाच्या लग्नाचे गाणे इतके सोवळे होऊन आले आहे की त्या लग्नात कोणी जेवले असेल असे वाटत नाही. मेंढपाळांनी आपल्या वहाणा दाराबाहेर काढून ठेवल्या आहेत. हे ध्वनिमुद्रण वाईट म्हणण्याची आमची छाती नाही. शांतीच्या शब्दांचा तो दबका भाग यात जितका निर्मळ आहे तितका इतरत्र आढळला नाही. तरी मिस्सा जेथून जन्मली ते अंगण यात ऐकू येत नाही.

दुसरे १९९७ चे, मार्क मिन्कोव्स्की आणि त्यांच्या ‘लूव्रचे वादक’ या फ्रेंच संचाचे. येथे वाद्ये जुन्या घडणीची आहेत. आतड्याच्या तारांची व्हायोलिने, लाकडी बासऱ्या. त्यांचा आवाज किंचित खरबरीत आणि जवळचा. गती मात्र अशी की आमच्या पडवीतील तरुण मंडळी लगेच ताल धरू लागली. गुरांच्या गाण्यात तर एखादे वासरू दावे तोडून पळाल्याचा भास होतो. आम्हांला हे आवडले, आणि तरीही सारखी एक धास्ती वाटत राहिली. हे लोक मिस्सेला आले आहेत की जत्रेला? सेंत-लुईत ऑपेराचे गायक येऊन गात आणि त्यावरून त्या काळीही टीका होत असे, हे खरे. तेव्हा मिन्कोव्स्कींच्या बाजूने इतिहासाचा दाखला काढता येईल. पण क्रूसाच्या शब्दांपाशी जो श्वास थांबायला हवा, तो या घाईत थांबत नाही. लोकगीत आत आले आहे, पण गुडघे टेकायला त्याला सवड मिळालेली नाही.

तिसरे, या शतकाच्या आरंभीचे, विल्यम क्रिस्टी यांचे. क्रिस्टी जन्माने अमेरिकन, पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाले. १९७९ मध्ये त्यांनी जो संच काढला त्याला शार्पांतिएच्याच एका रचनेचे नाव दिले: ‘ले झार फ्लोरिसां’, म्हणजे बहरलेल्या कला. परक्या माणसाने फ्रेंच लोकांना त्यांचा विसरलेला संगीतकार परत करावा, यात आम्हांला फादर स्टीफन्स यांची आठवण होते. इंग्रज माणसाने मराठीला आपले पुराण दिले होते.

क्रिस्टींच्या गायनात तीन गोष्टी लक्षात आल्या. पहिली उच्चारांची. लॅटिन येथे फ्रेंच वळणाचे आहे, ‘येसू’ चे ‘झेझ्यू’ होते. प्रथम कानाला बोचते, मग लक्षात येते की सतराव्या शतकातील पॅरिसच्या भाविकाचे लॅटिन असेच त्याच्या मातृभाषेच्या हवेतून आलेले असणार. आमच्या आजोबांचे लॅटिनही रोमचे नव्हते, डोंगरीचे होते. दुसरी गोष्ट झोक्याची. कागदावर सारखे लिहिलेले स्वर गाताना एक थोडा लांब, एक थोडा आखूड करायचा, ही जुनी फ्रेंच रीत. ती स्वरलिपीत लिहून दाखवता येत नाही. ज्याने पाळणा हलवला आहे त्याला सांगावी लागत नाही. क्रिस्टींचे गायक हा झोका मिस्सेच्या आरंभापासून शेवटपर्यंत सांभाळतात. म्हणून मंद भागातही गाणे मरत नाही आणि जलद भागातही प्रार्थना सुटत नाही. तिसरी गोष्ट ऑर्गनची. शार्पांतिएने हस्तलिखितात ठिकठिकाणी सूचना दिल्या आहेत की येथे तोच नोएल ऑर्गनवर वाजवावा. म्हणजे गाणे एकदा वाद्यात, एकदा कंठात, असे आलटूनपालटून यावे. ही देवाणघेवाण नीट साधली तर मिस्सा मैफल न राहता पुन्हा उपासना होते.

आमची पसंती अर्थातच या तिसऱ्याला. एक तक्रार नोंदवून ठेवतो. सारे इतके नेटके, इतके घासूनपुसून आले आहे की मेंढपाळांच्या पायाला चिखल उरलेला नाही. जे गाणे गावाचे म्हणून घेतले, ते गाणारा गाव यांतील एकाही मुद्रणात नाही. पण स्टुडिओत गाव कुठून आणणार?

लोकगीत वेदीपाशी आणण्याला ख्रिस्तसभेचा विरोध नव्हता काय, असा प्रश्न त्या संध्याकाळी निघालाच. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये अशुद्ध आणि विलासी संगीत चर्चबाहेर ठेवण्याचा आदेश दिला होता. नोएल त्या निकषात बसत नव्हते, कारण गाण्याचा विषयच गव्हाणीचा होता. इतकेच नव्हे, ज्या चालीवर शार्पांतिएने दुसरे किरिये बांधले, तीच चाल त्याच्या पन्नासएक वर्षे आधी कॅनडाच्या अरण्यात पोहोचली होती. संत जाँ द ब्रेबफ या येशूसंघीय हुतात्म्याने ह्युरॉन लोकांसाठी त्यांच्या भाषेत त्या चालीवर नाताळगीत रचले असे परंपरा सांगते. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या घटनेत स्पष्टच सांगितले की मिशन-भूमीतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान मिळावे. त्यानंतर आपल्याला मराठी मिस्सा मिळाली, मराठी गीते मिळाली, पेटी आणि तबला आला. ही कमाई थोडी नव्हे. परंतु त्या गीतांच्या चाली बहुधा भावगीताच्या, कधी भजनाच्या, कधी सरळ चित्रपटाच्या वळणाच्या असतात. उत्तन, डोंगरी, गोराई, वसईच्या बायकांनी जात्यावर आणि पाळण्यापाशी जे गायिले, ते अजूनही बहुतेक अंगणातच आहे.

येथे आम्हांला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. १९९२ च्या नाताळात आमच्या नात्यातील एका आजीने गोठ्यापाशी बसून बाळ येशूचा पाळणा गायिला होता. मरिया तांदूळ पाखडते आहे आणि योसेफ दाराशी वासा तासतो आहे, असे काहीसे त्यात होते. आमच्याकडे तेव्हा नवाच टेपरेकॉर्डर आलेला, म्हणून कॅसेट लावली. गाऊन झाल्यावर आम्ही आजीला विचारले, हा पाळणा मध्यरात्रीच्या मिस्सेला का गात नाही? ती हसली आणि म्हणाली, ‘यं घरचं गानं हाय, देवलान नाय गात.’ पुढे १९९६ मध्ये विश्वचषकाच्या सामन्याचे धावते वर्णन टिपायला हाताशी कोरी कॅसेट नव्हती. घरात जी सापडली ती लावली. कोणती होती ते आजी गेल्यावर कळले. विल्कॉक्सच्या मुद्रणात अंगण ऐकू येत नाही म्हणून आम्ही वर तक्रार केली आहे. वाचकांनी ती या कबुलीच्या शेजारी ठेवून वाचावी.

तिसऱ्या रविवारी क्रिस्टींची मिस्सा संपली तेव्हा पडवीत दिवेलागण झाली होती. आजीची लेक आणि सून, दोघी आता सत्तरीच्या पुढच्या, आतून ऐकत होत्या. सून बाहेर येऊन म्हणाली, ‘ते शेवटचं गानं आमच्या आईच्या पालन्यासारकं लागतं.’ ती आन्युस देईविषयी बोलत होती. त्याची चाल मध्यरात्रीच्या जागराच्या एका नोएलची आहे. साम्य खरे की भास, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही त्यांना गायला सांगितले. पहिली ओळ दोघींनी एकसुरात धरली. दुसऱ्या ओळीला लेक वर गेली आणि सून खाली आली. दोघी थांबल्या, एकमेकींकडे पाहिले, पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा त्याच जागी फाटा फुटला. लेकीचे म्हणणे, आई असेच म्हणायची. सुनेचे म्हणणे, तू लग्न होऊन राईला गेलीस, शेवटची वर्षे मी ऐकले आहे.

बासरी वाजवणाऱ्या मुलाने दोन्ही चाली वहीत लिहून घेतल्या आणि दोघींचा आवाज मोबाइलवर वेगवेगळा टिपला. पुढच्या आगमनकाळापर्यंत आणखी कोणाला तो पाळणा येतो का, हे पाहायला आम्ही पालीपर्यंत जाणार आहोत.